मोतीबद्दल विचारलंस म्हणून

३ मार्च, मंगळवार

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि लेकीला अनेक आशीर्वाद. इकडे माझं बरं चाललंय. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याचं ऐकून घ्यायला घरात कुणी नाही म्हणून तोही हल्ली गप्प असतो.

पत्र अशासाठी लिहितेय की फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस तेव्हा मागे टीव्ही चालू असतो, आणि ते ‘हो’ मला असतं की टीव्हीला, हे मला आजवर कळलेलं नाही. कागदाला मध्येच ‘चल ताई, ठेवतो’ म्हणता येत नाही.

तर मोती. लेकीला कुत्रा हवा होता, तू तिला सरडा आणून दिलास, आणि तिने त्याला कुत्र्याचं नाव ठेवलं. पोरगी हुशार आहे. आता नव्या घराच्या मालकाला सरडा चालत नाही, म्हणून मोती माझ्याकडे. दिवसभर लोकांना घरं दाखवत फिरणाऱ्या माणसाला स्वतःसाठी सरडा चालेल असं एक घर सापडू नये, याची मला गंमत वाटली. असो. ‘एक आहेच ना तुझ्याकडे, त्यात दुसरा काय जड?’ असं म्हणालास. हे वाक्य मी आठवडाभर चघळतेय.

जड काय ते ऐक. या दाढीवाल्या सरड्यांचे दोन नर एका पेटीत ठेवता येत नाहीत, एकमेकांच्या जिवावर उठतात. म्हणजे आणखी एक चार फुटी पेटी, आणखी एक शेकायचा दिवा, आणि कोवळ्या उन्हाचं काम करणारी ती लांब नळी, तीही आणखी एक. नवा आला की पहिले तीन महिने त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं, त्याची भांडी वेगळी, एकाला हात लावला की दुसऱ्याला लावण्याआधी हात धुवायचे. पाला रोज चिरायचा. जिवंत किडे पाळायचे, ते रात्रभर किर्र करतात आणि डबा नीट लागला नाही तर माझ्या चपलेत सापडतात. असली जनावरं बघणारा डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, दोन बसगाड्या बदलून. आणि मोती दोन वर्षांचा आहे. सांभाळला तर अजून आठ-दहा वर्षं जगेल. मी छप्पन्नची आहे. बेरीज तूच कर.

मी नाही म्हणत नाहीये. पण ‘ताई आहे’ हा काही विचार नव्हे. त्याचं वजन किती, खातो काय, नळी शेवटची कधी बदलली, डॉक्टरला कधी दाखवला होता का, हे सगळं लेकीकडून लिहून घे. तुला ठाऊक नसणार.

माझा सरडा, खडूस, कसा आहे म्हणून विचारलंस. नऊ वर्षांपूर्वी त्याला दारात ठेवून गेलास तेव्हा म्हणाला होतास, ‘ताई, फक्त पंधरा दिवस. बाबांचं करतेसच, त्यात याचं काय जड?’ त्याचा चेहरा बघून बाबांनीच त्याला हे नाव ठेवलं. अर्धांगवायूनंतर त्यांना जे चार-सहा शब्द नीट म्हणता यायचे, त्यातला हा एक. तुझ्या नावाचा नंबर त्या यादीत लागला नाही, त्याला माझा इलाज नाही.

खडूस आहे तसाच आहे. लेकीला त्याचे फोटो पाठवत असते.

विचार करून कळवते.

ताई


११ मार्च, बुधवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा तू वाट बघतोयस असं समजते.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. तिने विचारलं, “आत्या, तुझ्या सगळ्या फोटोंत खडूसच्या मागचं कॅलेंडर ऑगस्टवरच का असतं गं?”

नऊ वर्षांची पोर. मी म्हटलं, पान उलटायचं राहिलं असेल. “पण मग सगळ्यांतच कसं?” ती म्हणाली. मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

खडूस नोव्हेंबरात गेला. मी जुने फोटो पाठवत होते. तुला सांगितलं नाही, कारण तू ‘अरेरे’ म्हणाला असतास आणि मग मोटारीबद्दल बोलला असतास. आणि दुसरं कारण असं, की तो म्हातारपणाने गेला असं मी आधी सगळ्यांना सांगणार होते आणि ते मला जमेना. तो माझ्या हलगर्जीपणाने गेला.

ती नळी जी मी मागच्या पत्रात सांगितली ना, ती दिसायला वर्ष-दोन वर्षं छान पेटत राहते. पण तिच्यातून निघणारे जे किरण सरड्याच्या हाडांना लागतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते आधीच आटतात. म्हणून पेटतेय का ते बघायचं नसतं, तारीख बघायची असते. मी प्रत्येक नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहायची आणि आठ महिन्यांनी बदलायची. सात वर्षं एकदाही चुकले नाही. का चुकेन? माझा धंदाच तो. सत्तावीस वर्षं मी एक्स-रेच्या खोलीत लोकांना ‘श्वास रोखा’ म्हणत न दिसणाऱ्या किरणांचं बटण दाबतेय. छातीला बिल्ला लावलेला असतो, माझ्या अंगात ते किरण किती गेले ते मोजायला, आणि तो दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवतात. मला कुणी सांगायला हवं होतं का, की जे दिसत नाही ते आहेच असं धरून चालायचं नसतं?

बाबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा बदलायची वेळ आली होती. तारीख मला दिसत होती. विसरले असं म्हणायचीही सोय नाही. बाबांची कूस बदलताना समोरच ती पेटी असायची, आणि नळीच्या टोकावरची माझीच तारीख मी वाचायची आणि म्हणायची, पुढच्या शनिवारी. असे चाळीसेक शनिवार गेले. नळी लख्ख पेटत होती.

बाबा गेल्यावर खडूसने खाणं कमी केलं. मला वाटलं, त्याला कळलं. दिवसभर दोघं एकमेकांकडे बघत बसायचे ना, तेव्हा त्यालाही सुतक लागलं असं मी धरलं. चिरलेला पाला तसाच राहायचा आणि मी त्याच्याशी बोलायची, ‘मलाही जात नाही रे घास.’ मला सोबत मिळाल्यासारखं झालं होतं. प्रत्यक्षात त्याचा जबडा मऊ पडला होता. त्याला चावता येत नव्हतं. तो उपाशी होता आणि मी त्याला रुसवा म्हणत होते.

डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे काढला, काचेवर लावला आणि समजवायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, मला वाचता येतो. ओल्या कागदावर पेन्सिलीने काढावीत तशी हाडं होती, आणि दोन ठिकाणी मोडलेली. ते म्हणाले, आता याचे हाल थांबवणं एवढंच हातात आहे. मी सही केली. दोन बसगाड्या बदलून रिकामी टोपली घेऊन घरी आले.

आता खरं सांगते. मला मोती हवाय. रिकामी पेटी मी आठवड्याला धुऊन पुसते. कामावरून आले की चपला काढायच्या आधी पाय तिकडे वळतात. म्हणूनच पटकन हो म्हणत नाहीये. एकटीला करमत नाही म्हणून जनावर आणणं म्हणजे त्याच्या गळ्यात स्वतःला बांधणं. मी एकदा ते करून बसलेय.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, “घ्या की. पण एकट्यानं घेऊ नका. तुम्ही आजारी पडलात, बाहेरगावी गेलात, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे कोण उभं राहणार ते आधी ठरवा. नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका.”

तेव्हा माझ्याकडून एवढंच. तीन महिन्यांतून एकदा तू लेकीला घेऊन यायचं, दोघांनी मिळून नळीची तारीख बघायची. मी पडले-झडले तर मोती तुझ्याकडे परत, कुरकुर न करता. आणि माझ्यानंतर तो लेकीचा. हे नीट विचार करून कबूल केलंस तर घेते. मनापासून घेते. नाव विचारलं तर डॉक्टरांना मी तुझं सांगेन.

लेकीला काही बोलू नकोस. कॅलेंडरचं उत्तर तिला मी देईन.

ताई


१९ मार्च, गुरुवार

धाकट्या,

तुझा निरोप फोनवर आला. मी तो तिसऱ्यांदा वाचला तेव्हा चहा गार झाला होता.

“अरेरे, खडूसचं वाईट झालं. पण मग पेटी रिकामीच आहे, बरंच झालं. रविवारी अकरापर्यंत मोतीला आणतो.”

बरंच झालं! तीन पानं लिहिली मी. जे मी आरशालाही सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं, आणि तू त्यातून एक रिकामी पेटी शोधून काढलीस. घरं विकून विकून तुझी नजरच तशी झालीये, माणूस दिसतच नाही, मोकळी जागा दिसते. मी जे विचारलं होतं त्याला ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

त्याच दिवशी टपालाने लेकीचं वहीचं पान आलं. मी विचारलेलं सगळं तिने लिहून पाठवलंय. मोतीचं वजन तिने ग्रॅममध्ये लिहिलंय, दर रविवारचं, पाच महिन्यांचं. नळीची तारीख लिहिलीये. वाळू तोंडात घेतो म्हणून तिने खाली वाळू घालणं बंद केलं, हेही लिहिलंय. माझ्याहून बरी सांभाळते ती. आणि खाली लिहिलंय, “आमचे नवे घरमालक काका खूप छान आहेत, त्यांच्याकडे तीन मांजरं आहेत, त्यांनी मोतीला खांद्यावर घेतलं होतं. पण बाबा म्हणतात मोतीला तुझ्याकडे जास्त करमेल. आत्या, त्याला खरंच करमेल का?”

म्हणजे मालकाचं काही म्हणणंच नाही. तुला किड्यांचा वास नको, नव्या भिंतींजवळ ती पेटी नको. तसं सांगितलं असतंस तर मी चिडले असते आणि कदाचित घेतलाही असता. बाबांच्या वेळीही तुझ्याकडे असाच एक कुणीतरी असायचा, कधी साहेब, कधी बायकोची तब्येत, कधी मोटार. मी प्रत्येकावर विश्वास ठेवला. मला वाटायचं, विश्वास ठेवला नाही तर तू यायचाच बंद होशील.

मी मोतीला घेणार नाही.

रागाने नाही म्हणत. राग आहे, भरपूर आहे, पण राग नसता तरी नाहीच म्हटलं असतं. डॉक्टरांनी नाव विचारलं तर मला तुझं सांगता येत नाही. आणि दुसरं असं, की आज मोती माझ्याकडे आला तर तुझी लेक एक गोष्ट शिकेल, जी तू तिच्याएवढा असताना या घरात शिकलास: नकोसं झालं की ते ताईकडे नेऊन ठेवायचं, ताई करते. तुला ते शिकवण्यात माझाही हात होता. तुझी तुटकी खेळणी, तुझा शाळेतला मार, मग बाबा, मग खडूस. मला त्यात मोठेपणा वाटायचा. त्या पोरीला हे मी शिकवणार नाही. ती ज्याचं वजन दर रविवारी लिहिते ते तिच्याजवळच राहील, आणि त्याचा वास तुझ्या नव्या भिंतींना येईल.

तिला मी वेगळं पत्र टाकलंय. खडूसचं सगळं खरं लिहिलंय, नळीचंही आणि रुसव्याचंही. घरमालकाचं काही लिहिलं नाही. ते तू सांग.

मोती नाही म्हटल्यावर मी पेटी पुसायचा फडका टाकून दिला आणि बसून रडले. तुला कळावं म्हणून लिहितेय, तुला वाईट वाटावं म्हणून नाही. खोटं बोलले, वाईट वाटावं म्हणूनही.

बाबा आजारी असताना नऊ वर्षांत तू चार वेळा आलास. प्रत्येक वेळी हातात काहीतरी होतं. सरडा, जुना फ्रीज, नको असलेले कपडे, शेवटच्या वेळी जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांचं खोकं. प्रत्येक वेळी ते दारात ठेवलंस आणि पाय आत टाकण्याआधी घड्याळ बघितलंस. रविवारी पेटी घेऊन दारात उभा राहिलास तर मी दार उघडणार नाही, हे लेकीच्या देखत व्हायला नको म्हणून आजच सांगते.

मोकळ्या हातांनी येता आलं तर ये. मी वाट बघणार नाही, पण घरी असेन.

सांभाळणारी नव्हे, नुसती बहीण,
ताई