डावीकडचं पातेलं

दादा,

बाबांच्या रिटायरमेंटच्या पार्टीसाठी सकाळी मी सांग्रियाची दोन पातेली केली. एकात वाइन, संत्री, सफरचंद. दुसऱ्यात तेच सगळं, फक्त वाइनऐवजी द्राक्षांचा रस, बाबांसाठी. वाइनवर निळं झाकण ठेवलं होतं. मग बर्फ घालायला दोन्ही झाकणं काढली आणि कुठलं कुठे होतं तेच विसरले. म्हणून चव घेत बसले. पाचव्या वाटीनंतर दोन्ही पातेली झकास लागायला लागली.

तेवढ्यात बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "डावीकडचं गं. मला इथूनच वास येतोय." आणि खोलीत जाऊन दार लावून बसले.

आठ महिने त्यांनी दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही, आणि मी शहाणीने घरात पातेलंभर करून ठेवली.

डावीकडचं मोरीत ओतलंय. आता सगळ्यांनाच रस. मी आणखी रस आणायला गेलेय, चालतच, कारण स्कूटर चालवायच्या लायकीची राहिलेली नाही.

तू आलास की उरलेल्या पातेल्यातला पहिला ग्लास बाबांना नेऊन दे. आणि हे बघ, देण्याआधी चाखून बघू नकोस. त्यांनी सांगितलंय ना.

छोटी