ओसरीचा नियम

३ नोव्हेंबर

बाकीचं पुस्तक तयार आहे; पहिलं प्रकरण द्यायची तारीख उलटायला आली, आणि मला ते पटत नाही. "अझीमशेठ मस्कतहून परतले आणि त्यांनी हडपसरला 'ओसरी'चं पहिलं हॉटेल काढलं." वाक्य गुळगुळीत आहे. पण मस्कतचा एक फोटो नाही, एक किस्सा नाही! परदेशी राहून आलेला माणूस किस्से सांगितल्याशिवाय राहतो? आज उदयपूरपासून दुबईपर्यंत पंचतारांकित हॉटेलं, आणि मुळाशीच भोक.

त्यांची नात उम्मेहानी आता कारभार पाहते. 'ओसरी'च्या इतिहासाचं हे पुस्तकही तिनंच माझ्याकडे लिहायला दिलंय. म्हणाली, "मस्कत एका ओळीत उरका ना, मॅडम. लोक स्पाचे फोटो बघतात."

५ नोव्हेंबर

'ओसरी'त एक नियम आहे. पाहुण्याला 'कशासाठी आलात?' असं विचारायचं नाही. काउंटरवरची मुलं पहिल्याच दिवशी हे शिकतात. विचारायचं ते 'जेवण झालं का?'

उम्मेहानीला कारण विचारलं. "लक्झरी म्हणजे प्रायव्हसी, मॅडम." जाहिरातीतलं वाक्य. लिहून घेतलं.

(आमच्या सदाशिव पेठेत 'कशासाठी' कळल्याशिवाय दाराची साखळी निघत नाही, ते सोडा.)

८ नोव्हेंबर

आज हमीदादादींकडे गेले. अझीमशेठच्या पत्नी, ऐंशीच्या पुढच्या. येरवड्यातलं जुनं घर सोडायला तयार नाहीत.

"आधी खा, मग पेन काढा." गव्हाची खीर. खाता खाता त्या नियमाबद्दल विचारलं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"ताई, मस्कत-बिस्कत काही नाही. ते इथं होते." खिडकीकडे हात. झाडांमागे तुरुंगाची भिंत.

अझीमशेठनी गोदामातला माल चोरला होता. "केली होती चोरी. खोटं कशाला बोलू?" मुलाला कडेवर घेऊन त्या मिरजेहून भेटीला आल्या. प्रत्येक लॉजवर तोच प्रश्न — कशासाठी आलात? "खरं सांगितलं की खोल्या लगेच भरलेल्या!" शेवटी बायडाबाई नावाच्या शेतकरणीनं त्यांना आपल्या ओसरीवर घेतलं.

"तिनं काय विचारलं, सांगू? 'जेवलीस का गं? पोरगं भुकेलं हाय का?' बस्स!"

मग त्या तिथंच राहिल्या. भेटीला येणाऱ्या बायकांना त्याच ओसरीवर भाकरी आणि अंथरूण देऊ लागल्या. नवरा सुटला तोवर धंदा उभा राहिला होता. नावसुद्धा तिथलंच!

निघताना माझा हात धरला. "पुस्तकात नको, ताई. उम्मेहानीला आजोबांचा लई अभिमान. तिनं कधी विचारलं असतं, तर सांगितलं असतं. विचारलंच नाही तिनं."

शब्द दिला.

९ नोव्हेंबर

पुस्तक छापून आलं की मस्कत कायमचं खरं होणार. दादींना तेच हवंय — असं त्या म्हणतात. मला तो हात आठवतो. सोडवत नव्हता त्यांना.

१३ नोव्हेंबर

उम्मेहानी घरी आली. परवा छपाई. प्रुफं चाळता चाळता पहिल्या पानावर थांबली.

"मस्कत ठेवलंत."

"एका ओळीत उरकलंय. तूच म्हणालीस."

"दादी काही बोलली का?"

मी चहा गाळत राहिले. तेवढ्यावर ओळखलं तिनं.

"मला शाळेत असल्यापासून माहीत आहे, मॅडम. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, तुझा आजोबा चोर. खूप मारलं मी तिला." हसली, मग डोळे पुसले.

"दादींना विचारलं नाहीस कधी?"

"आमच्यात विचारत नाहीत. नियमच आहे ना! ती आपणहून सांगेल म्हणून थांबलेय."

"त्याही थांबल्यात," मी म्हणाले.

शब्द मोडला का मी? नाही बहुतेक. थोडासा.

१४ नोव्हेंबर

छपाई थांबवली! "उद्या दादीकडे तुम्ही पण या," उम्मेहानी फोनवर म्हणाली. "मला एकटीला जमायचं नाही."

१५ नोव्हेंबर

दादी पानं वाढत होत्या. उम्मेहानीनं त्यांच्या हातातला डाव काढून घेतला, त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसली.

"दादी, तू पुण्याला कशासाठी आली होतीस?"

दादींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्याच केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"जेवून घे आधी, बेटा. मोठी गोष्ट आहे."