सायलेन्सरातला हीटर

१९ मे २००७, शनिवार. अहेरी.
गाडी घेऊन अकरा दिवस. आज डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. घाबरलो नाही. नागपूरच्या ज्या माणसाकडून गाडी घेतली तो फारच सज्जन वाटला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

२० मे. दुपार.
नाक्यावरच्या सादिक मिस्त्रीकडे नेली. सतरा मिनिटं गाडीखाली होता, मी घड्याळ लावून बसलो होतो. बाहेर येऊन म्हणाला की सायलेन्सरच्या तोंडाशी धूर साफ करणारा डबा असतो, त्याच्याजवळ एक सेन्सर, आणि सेन्सरच्या पोटात बारीक हीटर. त्याची तार गरम पाइपाला लागून जळली.
हीटर! मे महिन्यात, अहेरीत, शेहेचाळीस डिग्रीत!
तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून बावीस वर्षं काढली आहेत. खोटा अर्ज वासावरून ओळखतो. फक्त मान हलवली.

२२ मे.
सादिकला गाडी एक दिवस हवी. काऊन? रात्रभर विचार केला. सकाळी पोरीचं, माधवीचं नेलपॉलिश घेऊन खालच्या सगळ्या नटांवर ठिपके दिले. आता काही बदललं तर कळेल.

२३ मे.
गाडी परत आली. ठिपके जसेच्या तसे. म्हणजे त्याने ते बघितले आणि सावध झाला. माझी सीटही चार बोटं मागे सरकवली आहे. नोंद असावी.
म्हणाला, सेन्सर नागपूरहून येईल, आठ दिवस लागतील. तोवर तार कपड्याने बांधून दिली आहे. मग मुद्दाम जवळ येऊन: "साहेब, फ्यूज उडला तर नवा टाका. पण त्याच्यात तांब्याची तार नका टाकू."
मी तारेचं नावही काढलं नव्हतं.

३१ मे.
सादिकचा निरोप, पार्ट आला. बरोबर आठ दिवसांत! बोललेल्या दिवशी वस्तू देणारा माणूस मी या जिल्ह्यात पाहिलेला नाही. पार्ट आधीपासून त्याच्याकडेच असणार. जायचं नाही, ठरलं.

६ जून.
चार दिवसांत तीन फ्यूज उडले. बायको, अन्नपूर्णा, म्हणाली, सादिकभाऊले दाखवून टाका, सोमवारी पोरीची चंद्रपूरले नर्सिंगची मुलाखत हाये. तिला समजावलं की गाडीचं मी बघतो. माधवीला मुलाखतीला बाप स्वतःच्या गाडीने नेणार. यात बदल नाही.

९ जून.
फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली. गाडी दिवसभर चालली. मनाई नेमकी याचीच का होती, ते आता उघड आहे. पिवळा दिवा अजून लागतो, पण मंद झालाय. अन्नपूर्णाला तसं वाटत नाही. तिला चष्मा लागला असावा.

११ जून, सोमवार. सकाळी ७.५०. आष्टीच्या पुढे, रस्त्यावर.
बॉनेटमधून धूर. गाडी बंद. दोन्हीकडे जंगल. मुलाखत अकराला.

८.२०.
एसटी आली. अन्नपूर्णाने हात केला. मी म्हणालो, दहा मिनिटं थांब, कारण सापडत आलंय. ती पोरीची फाइल घेऊन चढली. माधवी पायरीवर थांबली.
"बाबा, तुमी नाई येत?"
मी म्हणालो, गाडी अशी टाकून कसा येऊ? लोक सायलेन्सरसुद्धा काढून नेतात. कंडक्टरने बेल मारली.

दुपारी १२.४०.
सादिक मोटारसायकलवर आला, पार्ट घेऊन. माधवीने गोंडपिपरीच्या स्टँडवरून फोन केला म्हणे. आधी मला पाणी दिलं. मग वितळलेली तार हातात धरून बघितली. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
मी त्याच्या हातांवर नजर ठेवली. जुना सेन्सर काढला, नवा बसवला, जळलेल्या तारा बदलून पाइपापासून दूर बांधल्या, खरा फ्यूज लावला. गाडी सुरू झाली. पिवळा दिवा त्याने कसल्याशा यंत्राने घालवला.
हात पुसत त्याने विचारलं, "पोरीचं काय झालं, साहेब?"
मला माहीत नव्हतं.

१२ जून.
माधवीला प्रवेश मिळाला. फॉर्मवर पालक म्हणून अन्नपूर्णाने सही केली. मुलाखतीत विचारलं, वडील नाही आले का. माधवी म्हणाली, आले होते, रस्त्यात गाडी राखून राह्यले. सगळे हसले म्हणे.
हसणाऱ्यांची नावं विचारली. तिला माहीत नाहीत, की सांगत नाही.

२९ जून.
परवा माधवीला हॉस्टेलवर सोडायचं. गाडी उत्तम आहे, दिवा नाही, धूर नाही. सकाळी धुऊन दारात लावली, डिकी रिकामी करून ठेवली.
संध्याकाळी अन्नपूर्णा डेपोतून एसटीचं रिझर्व्हेशन करून आली. दोन सीटा.
पुन्हा मोजल्या. दोनच आहेत.