बाबांच्या गाठी आणि माझं पॉलिश

३ फेब्रुवारी, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. बाबांना जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारे संपले, आता कामाला लागायला हरकत नाही. आईच्या सोबतीला म्हणून मी आणि ही बिऱ्हाड गुंडाळून इथे राहायला आलो, त्याला आठ दिवस झाले. आठ दिवस मी एक शब्दही न बोलता फक्त निरीक्षण केलं. ही म्हणते आठ दिवस तोंडाचा पट्टा चालू होता. असो.

निष्कर्ष: बाबांनी शेवटच्या काही वर्षांत या घराची पार वाट लावली आहे. जिथे बघावं तिथे सुतळी, तार, खिळे, चिकटपट्टी. भिंतीवरचं घड्याळ छातीच्या उंचीवर टांगलेलं आणि त्याला काचच नाही. मी एकतीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. असा माल कुणी माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी तो माणसासकट परत पाठवला असता.

निश्चय: सगळ्या जुन्या वस्तू मूळ रूपात आणणे. स्वतः, शास्त्रीय पद्धतीने.

४ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीचा फोन. आईला ती स्वतःकडे नेणार म्हणते, सातव्या मजल्यावर. आई फोनवर एवढंच म्हणाली, की तिला इथेच राहायचंय, याच घरात, शेवटपर्यंत. बराच वेळ घासाघीस. अखेर ठरलं ते असं, की धाकटी पाच मार्चला येणार, आई घरात नीट वावरते का ते बघणार आणि मग काय तो निर्णय. त्याच दिवशी आमची लेक बाळाला घेऊन येत्येय. दोन महिन्यांची नात. आईने पणतीला अजून हातात घेतलेलं नाही.

म्हणजे महिना आहे. पाच मार्चला घर असं लखलखीत करून ठेवतो की धाकटीची दातखीळ बसेल. आई कुठेही जाणार नाही, मी आहे ना. हे आईला सांगितलं. तिने माझा हात घट्ट धरला. फार वेळ सोडलाच नाही.

६ फेब्रुवारी

कपाटापासून सुरुवात. आईच्या लग्नातलं, सागवानी. पाच ड्रॉवर, आणि प्रत्येक मुठीला बाबांनी सुतळी बांधून ठेवलेली. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा पाचव्या मुठीला पाच गाठी. निवृत्त माणसाला वेळ जात नाही तेव्हा तो काय काय करतो याचा नमुना. मी वेळ असा वाया घालवत नाही.

आई मागे उभी होती. म्हणाली, राहू दे ना त्या. का, विचारलं तर म्हणाली, असू दे, त्यांनी बांधल्यात. भावना समजू शकतो. कापल्या.

९ फेब्रुवारी

सुताराला बोलावलं, फक्त सल्ल्यापुरतं. हा प्राणी पाऊण तास चहा पीत घरभर फिरला, गाठी कापल्याच्या खुणा बघितल्या, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, साहेब, हे कुणीतरी मुद्दाम केलेलं दिसतंय, विचारून बघा आधी. कुणाला विचारू? करणारा गेला. शिवाय मुद्दाम केलेल्या चुकांनाच आमच्याकडे सगळ्यात मोठा लाल शिक्का बसायचा. सुताराला वाटेला लावलं.

१० फेब्रुवारी

घड्याळाला काच बसवली आणि ते योग्य उंचीवर, म्हणजे दाराच्या वर भिंतीवर टांगलं. आता घड्याळासारखं दिसतं.

१२ फेब्रुवारी

आईला वेळ विचारायचा नवीन छंद लागला आहे. सकाळपासून अकरा वेळा. समोर भिंतीवर एवढं थोरलं घड्याळ लावून दिलंय, पण नाही. बाबांनी लाडावून ठेवलं.

ही म्हणते, बाबा होते तेव्हा आई घड्याळाच्या काट्यांना बोट लावून बघायच्या. म्हणूनच तर काच बसवली, म्हटलं. काट्यांना हात लावायचा असतो का?

१५ फेब्रुवारी

कपाट घासून घासून खांदा गेला. पॉलिश पेपर संपला. पहिलाच पॉलिशचा हात दिला आणि त्यावर माशी बसली. ती काढताना बोट उमटलं, बोट पुसताना फडक्याचे तंतू चिकटले. तो भाग भिंतीकडे करता येत नाही, कारण तो पुढचा आहे. उद्या पुन्हा घासणे.

मधल्या वेळात पॅसेजमधली दोरी काढली. आईच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत भिंतीलगत, कंबरेएवढ्या उंचीवर ताणून बांधलेली दोरी. तिथे ना ऊन, ना वारा. कपडे कोण वाळत घालणार होतं तिथे, देव जाणे. सात खिळे उपटले.

१७ फेब्रुवारी

आई फार कमी हिंडते हल्ली. बसून असते. वय. हालचाल ठेवायला हवी, हे तिला नीट समजावलं, चार्ट काढून दिला. चार्ट तिने उलटा धरला होता, पण मान अगदी मनापासून हलवली.

१९ फेब्रुवारी

चहात मीठ. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बाबांनी रबरं चढवून ठेवली होती, मिठाला एक, साखरेला दोन. ती मी परवा काढून डब्यांना छापील लेबलं लावली, ठळक अक्षरात. एवढं करून आई मीठ घालते म्हणजे लक्षच नाही. मी काही बोललो नाही. फक्त लेबलं मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

ही आत येऊन दार लावून म्हणाली, मला वाटतं आईंना दिसत नाही. हिला संशयाचा आजारच आहे. आई बारीक अक्षर दिसत नाही म्हणत असेल, ऐंशीव्या वर्षी कुणाला दिसतं? पण मी पद्धतीचा माणूस. रीतसर चाचणी घेणार.

२० फेब्रुवारी

चाचणी घेतली. आईला कपाटासमोर उभं केलं आणि विचारलं, रंग कसा वाटतो? म्हणाली, छान आहे. मग पेपर पुढे धरला, आज काय बातमी? म्हणाली, तेच आपलं रोजचं. दोन्ही उत्तरं बरोबर. पास.

हिला निकाल सांगितला. हिने कपाळावर हात मारला. हरलेली माणसं असंच करतात.

२४ फेब्रुवारी

रेडिओ. त्याच्या बटणावर बाबांनी काडी चिकटवली होती. ओरबाडून काढली तर बटणच निघालं. बटण बसवायला मागचं झाकण उघडलं. आता रेडिओ सहा भागांत आहे. एक भाग जास्त वाटतो.

आई म्हणाली, राहू दे रे आता, दमला असशील. मला बरं वाटलं. या घरात माझ्या कष्टांची जाण फक्त तिला आहे.

२८ फेब्रुवारी

कपाट, चौथा हात. आता बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. आईच्या पुस्तकांसाठी, लुगड्यांसाठी, औषधांसाठी, सगळे ड्रॉवर अगदी एकसारखे. आई औषधांऐवजी सुयादोऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये बोटं घालून बसली होती. दोन ठिकाणी टोचलं. मी पट्टी बांधली आणि ड्रॉवर बंद करायची योग्य पद्धत दाखवली.

हिने मागच्या मागे धाकटीला फोन केला असावा. दोघींची कुजबुज मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

४ मार्च, रात्री

शेवटची वस्तू. खिडकीजवळची आईची खुर्ची. हा तर कळस. बाबांनी ती चारही पायांना पट्ट्या मारून फरशीला स्क्रूने जखडली होती. खुर्ची काय पळून जाणार होती? स्क्रू गंजलेले. एक डोकं तुटलं, एक फरशी तडकली, तिच्यावर पायपुसणं टाकलं. खुर्चीला पॉलिश करून दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली, जिथे ती उठून दिसते.

आई तोवर तिच्या खोलीत झोपली होती. तिला मुद्दाम सांगितलं नाही. उद्या सगळ्यांसमोर बघू दे.

५ मार्च, सकाळी

सगळं तयार, रेडिओ सोडून. धाकटीने आता एक चूक काढून दाखवावी.

५ मार्च, संध्याकाळी

लिहायला बसलो आहे. झालं ते क्रमाने लिहितो.

धाकटी दहाला आली. लेक बाळाला घेऊन अकराला. जावई सामानाच्या पिशव्या घेऊन नेहमीसारखा दारातच अडकला. मी सगळ्यांना कपाट दाखवत होतो. आई तिच्या खोलीतून भिंतीला हात लावत लावत आली. बाळाचा आवाज ऐकून तिचा चेहरा असा काही फुलला होता, की गेले दोन महिने मी तो तसा पाहिलाच नव्हता. लेक म्हणाली, आजी, बस, तुझ्याकडे देते. आई खिडकीपाशी गेली, वळली, आणि हात पुढे पसरून खाली बसली. तिथे खुर्ची नव्हती.

बाळ अजून लेकीकडेच होतं. आई फरशीवर, बाळासाठी पसरलेले हात तसेच. फक्त एका हाताने फरशी चाचपली, स्क्रूचं उरलेलं टोक लागलं तिच्या बोटांना. मग म्हणाली, "खुर्ची पण काढलीस होय रे."

तिथे उभं असलेलं कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

६ मार्च

हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तपासलं. काचबिंदू. नजर जाऊन तीनेक वर्षं झाली असतील म्हणाले, गेली ती परत येत नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

धाकटीने आईला विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? आई म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मला इथून हलवलं असतं. यांना सांगितलं होतं. यांनी मग घर बांधून दिलं मला नव्याने. दर रविवारी एकेक वस्तू, माझा हात धरून, माझ्या मापाने.

मी विचारलं, मग मी काढत होतो तेव्हा तरी बोलायचंस. माझा आवाज चढला, ते मान्य आहे.

आई म्हणाली, "तू एवढा मन लावून करत होतास. आणि तुला थांब म्हटलेलं तुला कधी ऐकू आलंय?"

७ मार्च

निश्चय: सर्व काही पूर्ववत करणे. दोन दिवसांत. धाकटी परवा निघेपर्यंत.

सुतळी आणली. गाठी मारल्या. औषधांच्या ड्रॉवरला किती गाठी होत्या ते मला आठवत नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, आकडा नाही माहीत, हाताला कळायचं. पाचही ड्रॉवर उघडून बसलो. कुठल्यात आधी काय होतं तेही आठवेना, सगळं मीच पुन्हा लावलंय, आकारमानानुसार. दोरी बांधली. सुताराला फोन केला, तो उचलत नाही. दोरी कुठल्या उंचीवर होती? खिळ्यांची भोकं मी पुट्टी भरून बुजवली आणि वर रंग दिला. इतकं सफाईदार काम झालंय की मला स्वतःला भोकं सापडेनात.

आई चालून बघायला आली. चौथ्या पावलाला दोरी खिळ्यासकट तिच्या हातात आली. तिने ती गुंडाळून माझ्याकडे दिली.

दुपारी बाळ तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्या तोंडावरून बोटं फिरवत होती, कपाळ, नाक, कान. लेकीला म्हणाली, हिचे कान यांच्यावर गेलेत, पाळ सुटी नाही. मी जाऊन बघितलं. खरंच नाही. बाबांचे कान कसे होते, मी कधी बघितलेच नव्हते.

८ मार्च

धाकटीने विषय काढण्याआधीच आई म्हणाली, तुझ्याकडे येते. मी म्हटलं, पंधरा दिवस दे, सगळं करतो. ही म्हणाली, मी हात धरून नेईन त्यांना सगळीकडे. आई म्हणाली, तुझा हात किती दिवस धरू, तुलाही कामं आहेत. इथे मला एकटीला फिरता येत होतं म्हणून इथे राहायचं होतं. आता दोन्ही घरं सारखीच.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण बोलता आलं नाही.

९ मार्च

दहाची गाडी. निघायच्या आधी आई म्हणाली, एकदा घर फिरव मला. हात धरून फिरवलं. पॅसेज, न्हाणी, स्वयंपाकघर. पावलं मोजल्यासारखी टाकत होती आणि मध्येच चुकत होती.

कपाटापाशी आलो. तिने हात सोडवून घेतला आणि दोन्ही तळवे वरपासून खालपर्यंत फिरवले, सावकाश, प्रत्येक ड्रॉवरवरून. चार हात पॉलिश. या घरात मी पुरं केलेलं एकमेव काम. मी थांबलो. खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो.

"हे कुणाचं रे कपाट?" तिने विचारलं.

तुझंच, म्हणालो. लग्नातलं.

हो का, म्हणाली. परक्याच्या घरी म्हणतात तसं, सभ्यपणे. आणि दाराकडे कुठून जायचं ते विचारलं.