जिन्याखालची बादली

सिग्ने,

मी तळ्यावर जातोय. आई चर्चला गेलीय. तुझ्या दोन्ही बॅगा गाडीतून काढून वरच्या खोलीत ठेवल्यात. फ्रिजमधल्या दह्याच्या डब्यात दही नाही, गळाला लावायच्या जळवा आहेत. बघून खा.

जिन्याखाली पांढऱ्या बादलीत माझी बिअर आंबतेय. गुडगुड ऐकू येईल, येऊ दे. झाकण तेवढं उघडू नकोस. मागच्या खेपेला तुझ्या आईला राहवलं नाही. रोज झाकण उचलून ‘झाली का, झाली का’ करत बसली आणि अख्खी बादली नासली. आत जे चाललंय ते आपोआप निवतं. तुझ्या बाबतीतही तिला हेच बजावलंय. ती काही विचारणार नाही, मीही नाही.

खाऊन झालं की धक्क्यावर येऊन उभी राहा, होडी घेऊन येतो. दिसली नाहीस तर आणखी एक फेरी मारीन, मासे कुठे पळून जात नाहीत.

सकाळी तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. झोपलीय म्हणून सांगितलं. तू म्हणशील तोवर तू झोपलेलीच आहेस.

बाबा