अर्धा इंच आखूड

प्रिय बारक्यास,

माईचे ओंजळभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या बायकोची कंबर? लेकीचा खोकला गेला का? जावयाचं डोकं अजून दुपारीच दुखतं की आता सकाळपासून दुखतं? मांजराच्या डोळ्यात औषध घालता ना वेळेवर? इकडे माझे दात सोडले तर सगळं जागेवर आहे. (दातही जागेवरच आहेत, फक्त ती जागा आता पेल्यात आहे.)

आपल्या दादासाठी तू धाकट्या भावाच्या मायेने पाठवलेल्या वस्तू पोचल्या. चार महिन्यांपूर्वी तू फोन केलास आणि त्याने तुलाच "आपण कोण? दुकान बंद आहे," असं म्हटलं, त्या दिवसापासून तुझा फोन बंद आणि पार्सलं सुरू, हे माझ्या ध्यानात आलंय. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झालं, पण एवढं वाचता येतं. असो. तुला यायला जमत नाही, माझाही आग्रह नाही.

पहिलं आलं ते बोलणारं घड्याळ. दर तासाला आतून एक बाई किती वाजले ते सांगते. दादाने पहिल्या दिवशी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. (पन्नास वर्षं शिवणकाम केलेला माणूस, दारात आलेलं गिऱ्हाईक उभं कसं ठेवील?) चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन कुजबुजला, की असला तगादा जन्मात कुणी लावला नव्हता, ही बाई दर तासाला येऊन वाजले किती ते ऐकवते, हिचं कापड कुठे पडलंय ते जरा शोध. आता ती सात वाजले म्हणाली की हा मशीनवरून मान वर न करता "उद्या नक्की" म्हणतो. दोघांचं छान जमलंय.

मग सात वारांच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आली. तिच्यात त्याने एका बैठकीत बटणं लावली, सोमवारी दोन भोकांची, मंगळवारी चार भोकांची, रविवारी कोटाची. मोडायला माझा हात धजेना. गोळ्या मी बटणांच्या बरणीतून देते. आणि फोटोंखाली नावं लिहिलेला तो आल्बम! नावांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बोट फिरवलं ते कॉलरींवरून. स्वतःच्याच फोटोशी थांबला आणि म्हणाला, या गृहस्थांचा कोट मात्र कुणीतरी मन लावून शिवलाय.

तेव्हा मला वाटलं, आपणही काही द्यावं. मी पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा करायला निळ्या रेघांचं कापड आणलं होतं, तेच घडीसकट त्याच्यापुढे ठेवलं. बारक्या, आता नीट बसून वाच. त्याने कापडावरून तळहात फिरवला, खडू घेतला आणि आखायला लागला. टेप गळ्यात होती, तिला हातही लावला नाही. ज्याला सकाळी चहा प्यायलो की नाही ते सांगता येत नाही, तो रेघेला रेघ जुळवत पाठ, पुढा, कॉलर एकापाठोपाठ एक कापत गेला. मी भाजी चिरायला बसले होते, ती तशीच राहिली. देवळात उभं राहावं तशी मी माझ्याच घरात उभी होते.

शेवटी बाह्या कापल्या. एकीवर एक ठेवून पाहिलं तर उजवी आखूड. मला वाटलं, चुकला बिचारा, आणि मी तसं म्हणूनही गेले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू विसराळू मीच आहे.

"चुकेन कसा? भिंतीवरून पडला ना तो. हाड वाकडं बसलं. त्याचा उजवा हात अर्धा इंच आखूड."

नाव नाही आलं रे त्याला. मी थांबले, पण नाही आलं. हात मात्र आला. तुझा तो हात आई गेल्यावर आपण सगळेच विसरलो होतो, मी तर साफ. तूही विसरला असशील, कारण त्याने शिवलेल्या एकाही शर्टात तो कधी दिसलाच नाही. घरात विसराळू नेमकं कोण, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
माई

ता. क. छाती त्याने तुझ्या लग्नाआधीची धरली आहे. पोटाचं काय करायचं ते तुझं तू बघ.

ता. क. दुसरा. वर "आग्रह नाही" लिहिलंय ते खोडायला जागा नव्हती म्हणून राहिलं. शर्टाला नुसता कच्चा दोरा घातलाय, अंगावर चढवून पाहिल्याशिवाय पक्की शिलाई मारणार नाही म्हणतो. जन्मात पहिल्यांदा त्याचं काम वेळेआधी तयार आहे आणि गिऱ्हाईकाचाच पत्ता नाही. तो तुला चेहऱ्याने ओळखेल असं वचन मी देत नाही. तू आपला हात पुढे कर.

ता. क. तिसरा. निरोप आला का, असं तो रोज विचारतो. कुणाचा म्हटलं की आपली उजवी बाही वर सरकवून दाखवतो. तेव्हा कोणत्या दिवशी येतोस ते उलट टपाली लिही.