लिफ्ट चालू असतानाचा फरक

मी, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, वय चौऱ्याहत्तर, गुडघे सोडून सर्व शाबूत, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणणे आजवर कोणाला जमलेले नाही.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. बाल्कनीचे दार उचलून ओढावे लागते. तिने ते दुरुस्त करून घ्यावे, माझी आठवण म्हणून तसेच ठेवू नये.

२. बँकेतली शिल्लक व पुस्तके भाचीला. विभागप्रमुखांनी नेलेली छत्री त्यांनाच लखलाभ. मागून मागून माझे तोंड दुखले.

३. हे कलम मुख्य. जड असो वा हलके, गुरुत्वाकर्षणात सगळे सारखेच पडते. यालाच समतुल्यतेचे तत्त्व म्हणतात. पण क्वांटमच्या नियमाने अणू एकाच वेळी दोन वाटांनी जाऊ शकतो. मग त्यालाही हे तत्त्व लागू पडते का? ते पाहण्यासाठी मी हयातभर दोन जातींचे अणू निर्वात नळीत शेजारी शेजारी पाडले.

एका वर्षी त्यांच्या पडण्यात फरक दिसला. हुरळून जाऊन मी तो जाहीर केला. तो खोटा ठरला, तेव्हा नळी जोडणाऱ्या आमच्या फिटरवर मी खापर फोडले: चुंबकत्व अडवणारे कवच यांनी सैल बसवले. ते आधीच म्हणाले होते, “मॅडम, लिफ्ट चालू असली की फरक येतोय.” मी सगळ्यांदेखत हसले होते. त्यांची बदली भांडारात झाली.

पुढे लिफ्ट आठवडाभर बंद पडली आणि फरक नाहीसा झाला. भिंतीमागून लिफ्टचे लोखंडी वजन वरखाली होई, त्याने आसपासचे चुंबकत्व बदले आणि एका जातीचे अणू जरा जास्त ढळत. कवच घट्टच होते. पातळ मीच मागवले होते. मी दुरुस्ती छापली, पण फिटरचे नाव घातले नाही. लाज वाटली, दुसरे कारण नाही.

तेच फिटर आज घरी येऊन माझ्या औषधांच्या बाटल्यांची घट्ट झाकणे सैल करून ठेवतात. मला त्यांचा फार आधार आहे. माझी पाने-पक्कड वगैरे सर्व हत्यारे त्यांना द्यावीत, आणि हे कलम प्रयोगशाळेत मोठ्याने वाचावे.

ताजा कलम: दुसऱ्या साक्षीदार, शेजारीणबाई, आल्या नाहीत. फिटर आले होते. मी त्यांना सगळे वाचून दाखवले, आणि माफी मागितली. ते सहीला पुढे झाले तशा वकीलबाई म्हणाल्या, “काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. हत्यारं जातील.”

“जाऊ देत,” ते म्हणाले. “मॅडम हे खरं बोलल्यात, याला साक्षीदार मीच पाहिजे.”

स्थळ: जेवणाचे टेबल. दिनांक: नऊ, मंगळवार, सकाळ.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: वकीलबाई (सही)
साक्षीदार २: फिटर (सही)